वाढप्यांची वाढ

कँटीनच्या संगणकात वाढपी किती असावेत, या प्रश्नावरून मोजपट्टी आणि अर्धविराम यांच्यात तीन आठवडे अबोला होता. दोघं एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसत. काही सांगायचं झालं तर चिठ्ठी लिहून दुसऱ्याच्या कीबोर्डवर ठेवत. चिठ्ठीत ‘कृपया’ हा शब्द असला, की समजायचं, आज राग जास्त आहे.

मोजपट्टी हे नाव तिला कारखान्यानं दिलं होतं. ती भौतिकशास्त्र शिकून आली होती, आणि ‘साधारण’, ‘जवळजवळ’ असले शब्द कुणी वापरले की तिला अंगावर झुरळ पडल्यासारखं व्हायचं. अर्धविराम तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. प्रोग्रॅम लिहायच्या सी नावाच्या भाषेत जवळपास प्रत्येक विधानाच्या शेवटी अर्धविराम द्यावा लागतो. एकतीस वर्षं ते देऊन देऊन त्यांच्या बोलण्यातही तो आला होता. वाक्याच्या मध्येच थांबायचे, खिडकीबाहेर बघायचे, आणि उरलेलं वाक्य कधी कधी चहानंतर यायचं. ती त्यांना समोर काका म्हणत असे. अबोल्यात अर्थातच काहीच म्हणत नव्हती.

भांडणाचं मूळ असं. कारखान्यात आठशे कामगार. कँटीनमध्ये सहा खिडक्या आणि प्रत्येक खिडकीवर एक पेटी. कामगारानं पेटीवर कार्ड टेकवलं की हिरवा दिवा लागायचा, मग ताटात जेवण पडायचं. आज एकदा जेवून गेलेला असेल तर लाल. सहा पेट्यांचे सहा छोटे प्रोग्रॅम भटारखान्यामागच्या खोलीतल्या एकाच संगणकात राहत आणि तिथल्याच मोठ्या प्रोग्रॅमला विचारत, “हा जेवलाय का?” विचारायचं म्हणजे त्याच्या दारावर टकटक करायची. दारामागे उत्तर द्यायला काहीजण बसलेले असत. पुस्तकात त्यांना थ्रेड म्हणतात. हे दोघं त्यांना वाढपी म्हणत.

आता गंमत अशी, की सगळे वाढपी कामात असताना आणखी एक टकटक झाली, तर संगणक कुणालाही न विचारता नवा वाढपी तयार करतो. आणि एकदा आलेला वाढपी काम संपलं म्हणून जात नाही. तिथेच बसून राहतो. घालवायचा तर मोठा प्रोग्रॅमच बंद करावा लागतो, आणि असं बंद करण्याला हे दोघं ‘मारणं’ म्हणत. अर्धविरामांच्या मते हा संगणकाचा मोठेपणा होता. मोजपट्टीच्या मते तो गलथानपणा होता. गेल्या महिन्यात उत्तरं द्यायला जरा उशीर झाला, तर एका जेवणाच्या सुट्टीत चारशे बारा वाढपी तयार झाले, एकमेकांच्या पायांत आले, आणि संगणकानं अंग टाकलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

तेव्हा साहेबांनी दोघांना बोलावून सांगितलं, की तिसऱ्यांदा असं झालं तर बाहेरून तयार प्रोग्रॅम आणायचा आणि हा दोन माणसांचा विभाग बंद करायचा. अर्धविरामांना निवृत्तीला आठच महिने होते, त्यांना ती आठ महिने आधी मिळाली असती. मोजपट्टीची बदली तळघरातल्या तक्रार विभागात होणार होती. तिथे खिडकी नव्हती, आणि दिवसभर ‘आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे’ हे एकच वाक्य निरनिराळ्या नावांखाली लिहायचं होतं. अकरा वर्षं तिनं सी सोडून दुसरं काही लिहिलं नव्हतं. त्या रात्री ती घरी जेवली नाही. जेवणाचा विषयच तिला नको झाला होता.

मग तिनं वाढप्यांना लगाम घालायचं ठरवलं. तशी सोय संगणकात असते. नवा वाढपी हवासा वाटला की परस्पर करू नको, आधी माझ्या फंक्शनला विचार, असं त्याला सांगता येतं. तिनं ‘ठरव’ नावाचं फंक्शन, म्हणजे एका कामापुरता प्रोग्रॅमचा तुकडा, लिहिलं. ते आतले वाढपी मोजायचं. आठपेक्षा कमी असतील तर दुसऱ्या एका छोट्या फंक्शनला सांगून एक नवा करायचा; आठ असतील तर नाही म्हणायचं. दारात उभा असलेला थांबेल पाव सेकंद. पाव सेकंदात कुणी उपाशी मरत नाही.

नावं मात्र मराठी, कारण हा अर्धविरामांचा नियम होता. इंग्रजी अक्षरांत लिहायची, पण शब्द मराठी आणि छोटा. थांब, बघ, सांग, ठेव. “थांब म्हटलं की थांबतं,” असं ते म्हणत, आणि त्यांची अख्खी एकतीस वर्षं या एका वाक्यावर उभी होती. हा नियम मोजपट्टीनं अबोल्यातही पाळला. इकडे अर्धविरामांनीही याच तीन आठवड्यांत आपला भाग, म्हणजे पेटीला उत्तर देण्याचा, नीट आवरून एका वेगळ्या लायब्ररीत, म्हणजे प्रोग्रॅमबाहेरच्या फाइलीत, ठेवला. दोघांनी आपापलं तपासलं. ठरल्या दिवशी पावणेबाराला दोन्ही भाग एकत्र जोडले. तिनं चिठ्ठी ठेवली, “माझं तपासलंय. बरोबर आहे.” उलट चिठ्ठी आली, “माझंही. कृपया.”

दोघांचंही बरोबर होतं. घोटाळा झाला तो म्हणूनच.

बाराचा भोंगा झाला. साहेबांनी त्या दिवशी मुद्दाम मोठ्या साहेबांना जेवायला बोलावलं होतं. विभाग बंद करायचा की ठेवायचा हे त्यांनी डोळ्यांनी बघून ठरवावं, म्हणजे पुढे कुणी साहेबांना विचारायला नको. दोघं साहेब ताटं घेऊन पहिल्या खिडकीच्या रांगेत उभे राहिले. पुढच्या वेल्डरनं कार्ड टेकवलं. दिवा पिवळा झाला. पेटीवर अक्षरं आली: थांबा. उत्तर आलं नाही, म्हणून पाच सेकंदांनी पेटीनं आपणहून पुन्हा विचारलं. पुन्हा थांबा. बाकीच्या पाच खिडक्यांवरही तेच. सूप वाफाळत होतं आणि आठशे माणसं त्याच्याकडे बघत होती.

कँटीन मावशींच्या ताब्यात होतं. त्या आठशेजणांच्या मावशी होत्या, साहेबांच्याही. साहेब हळूच पुढे झाले आणि म्हणाले, की निदान मोठ्या साहेबांना तेवढं वाढून टाका. मावशींनी पळीनं भिंतीकडे दाखवलं. सुपाच्या पातेल्याच्या वर एक कागद डकवलेला होता: ‘हिरवा दिवा लागल्याशिवाय कोणासही वाढू नये.’

“सही तुमचीच ना ती?” मावशी म्हणाल्या.

“माझीच. पण परिस्थिती—”

“मागच्या वर्षी त्या फिटरला दिव्याशिवाय वाटीभर सूप दिलं, तर तुम्ही मला मेमो दिलात. अजून ठेवलाय जपून.”

मोठे साहेब कागद वाचत होते. साहेबांना काहीतरी करणं भाग होतं, आणि अडचण आली की साहेब एकच गोष्ट करत. ते माणसं बोलावत. त्यांनी हिशेब असा मांडला: रांग हलत नाही, म्हणजे वाढणारे हात कमी पडतात. त्यांनी पॅकिंग विभागातून वीसजण बोलावून घेतले, त्यांना ॲप्रन चढवले आणि खिडक्यांमागे उभं केलं. पळ्या सहाच होत्या. ज्यांना पळी मिळाली नाही त्यांनी चमचे घेतले, एकानं झाकण घेतलं. आता प्रत्येक खिडकीमागे चार-पाचजण दाटीवाटीनं उभे राहिले, आणि दिव्याची वाट बघू लागले. वाढपी वाढले होते. वाढत मात्र कुणी नव्हतं.

वर तिसऱ्या मजल्यावर मोजपट्टीच्या पडद्यावर वाढप्यांचा आकडा दिसत होता. तो आठवर थांबायला हवा होता. तो आठला एक क्षणही न रेंगाळता पुढे गेला. तिनं चष्मा पुसला. शंभर, दोनशे. ती आपला कोड वरून खाली आणि खालून वर वाचत होती. ‘ठरव’ चोख होतं. आठ झाल्यावर त्यानं प्रत्येक वेळी नाहीच म्हटलं होतं. तरी कुणीतरी वाढवत होतं. तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

“अहो बाई, मी वाढपी वाढवले, तरी रांग काही हलत नाही.”

मोजपट्टी खुर्चीत ताठ झाली. “तुम्ही वाढवलेत?”

“मग काय करणार? कुणीतरी वाढवायलाच हवे होते ना.”

“पण तुमच्याकडे पासवर्ड कुठून आला?”

“वाढपी बोलवायला पासवर्ड कशाला? हाक मारली, आले.”

“किती वाढवलेत?”

“वीस.”

“वीस नाहीयेत, साहेब. नऊशे चाळीस आहेत.” तिनं पडद्याकडे पाहिलं. “त्रेचाळीस.”

साहेबांनी वळून खिडक्यांमागे नजर टाकली. “असं कसं? पॅकिंगमध्ये सगळे मिळून साठजण आहेत.”

“आणि एकही काम करत नाहीये, नुसते जागा अडवून बसलेत. सगळ्यांना मारावं लागेल.”

साहेबांच्या एका हातात ताट होतं, म्हणून फोन स्पीकरवर होता. वीस ॲप्रन एकदम स्तब्ध झाले. झाकणवाल्यानं झाकण छातीशी धरलं.

“सगळ्यांना?” साहेब म्हणाले.

“एकेकाला मारून उपयोग नाही, लगेच दुसरा येतो. ज्यानं यांना जन्माला घातलं त्या बापालाच मारायचं. मी येते खाली.”

साहेबांनी फोन बंद केला. मोठ्या साहेबांनी विचारलं, कोण होतं.

“आमच्या प्रोग्रॅमर,” साहेब म्हणाले. “एरवी फार शांत आहेत.”

फोन ठेवल्यावर मोजपट्टीनं खाली जाण्याआधी कोड पुन्हा एकदा उघडला. तळघराच्या जिन्याला सतरा पायऱ्या होत्या, हे तिला माहीत होतं. तिनं मागेच मोजल्या होत्या. मग पाठीमागे खुर्ची करकरली. अर्धविराम उठून तिच्या खांद्यामागे आले होते. तीन आठवड्यांनी ते पहिल्यांदा बोलले.

“हे ‘वाढ’ कुणाचं?”

तिच्या कोडमधल्या एका ओळीवर त्यांचं बोट होतं. ‘ठरव’ ज्याला सांगत होतं, ते हेच छोटं फंक्शन.

“माझं,” ती म्हणाली.

“वाढ म्हणजे?”

“वाढ म्हणजे वाढ. एकानं वाढ. संख्येत. का?”

ते खिडकीबाहेर बघू लागले. ती थांबली. थांबण्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

“माझंही एक ‘वाढ’ आहे,” ते म्हणाले.

“तुमचं काय वाढवतं?”

“वाढवत नाही. वाढतं. ताटात.”

मोजपट्टीनं खुर्ची वळवली, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा दोघं समोरासमोर आले. एका प्रोग्रॅममध्ये एकाच नावाची दोन फंक्शनं आली तर एरवी संगणक बोंब मारतो आणि जोडायलाच नकार देतो. पण एक जर बाहेर लायब्ररीत असेल, तर त्याला ते खपतं. घरातलं सापडलं की तो बाहेर शोधायला जात नाही. अर्धविरामांची लायब्ररी प्रत्येक टकटकीला इमानदारीनं सांगत होती, ‘वाढ’. म्हणजे उत्तर दे. आणि संगणक दर वेळी मोजपट्टीचं ‘वाढ’ चालवत होता. म्हणजे आणखी एक वाढपी आण. या वाटेनं येणाऱ्यांबद्दल ‘ठरव’ला कुणी विचारतच नव्हतं. लोक दारात उभे होते, आत माणसं वाढत होती, आणि दोन्ही हुकूम अक्षरशः पाळले जात होते.

“मी नाव बदलते,” मोजपट्टी म्हणाली.

“मी बदलतो. माझं काय—”

“काका, माझं एकाच ठिकाणी आहे. तुमचं किती?”

“सव्वीस.”

तिनं ‘वाढ’ पुसून ‘भर’ लिहिलं. अर्धविरामांनी मागून विचारलं, की यातही ताट भरणं आणि माणूस भरणं असा काही घोळ व्हायचा का. तिनं ‘भर’ पुसून ‘नवावाढपीतयारकर’ लिहिलं. छोट्या नावाचा नियम एकतीस वर्षांत पहिल्यांदा मोडला आणि नियमवाल्यानं मान डोलावली. पाच मिनिटांत तिनं नवा प्रोग्रॅम बांधला, या वेळी दोघांचे भाग एकत्र तपासले आणि पेनड्राइव्हवर घेतला. खालच्या संगणकाला वरून ‘बंद हो’ सांगून बघितलं, पण तो इतका भरला होता की ऐकायलाही त्याच्याकडे जागा नव्हती. आता जाऊन बटणच दाबावं लागणार होतं.

खाली पोचल्यावर तिला दिसलं, की संगणकाच्या खोलीचं दार खिडक्यांच्या मागे आहे, आणि खिडक्यांच्या मागे वीसजण जास्तीचे आहेत. बोळ दोन माणसांच्या रुंदीचा. तिनं ‘जरा सरका’ म्हटलं, तर पहिला सरकून दुसऱ्यावर गेला, दुसरा तिसऱ्यावर, आणि शेवटचा दाराला पाठ लावून घट्ट बसला. त्यातच काहींनी तिला ओळखलं. सगळ्यांना मारायला निघालेली बाई ती हीच, हे कळल्यावर ते आणखी आक्रसले, पण आक्रसायलाही जागा लागते. साहेब पलीकडून सूचना देत होते. त्यांचं म्हणणं असं होतं, की दार मोकळं करायला आणखी चारजण बोलवावेत.

मावशींनी पळीचा दांडा पातेल्यावर एकदा आपटला.

“पळ्या किती?” त्यांनी विचारलं.

कुणीतरी सहा म्हटलं.

“मग सहाजण राहा. ज्याच्या हातात पळी नाही तो बाहेर. झाकणवाल्या, तू पण.”

अर्ध्या मिनिटात बोळ रिकामा झाला. मोजपट्टी दारात क्षणभर उभी राहिली. ‘ठरव’ लिहायला तिला तीन आठवडे लागले होते. मग ती आत गेली, बटण दाबलं, संगणक बंद झाला, चालू झाला, तिनं नवा प्रोग्रॅम चढवला. बाहेरून आधी काहीच ऐकू आलं नाही, आणि मग सहा पळ्या एकदम पातेल्यांना लागल्याचा आवाज आला. आकडा सातवर जाऊन थांबला. आठव्याची गरजच पडली नाही. पावणेदोनपर्यंत आठशेजण जेवले. मोठ्या साहेबांना सूप कोमट मिळालं, आणि त्यांनी ते शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं, याचा अर्थ कुणालाच लावता आला नाही.

दुपारी साहेब वर आले. मोठ्या साहेबांनी संध्याकाळपर्यंत लेखी खुलासा मागवला होता. विभागाचं काय ते त्यानंतर ठरणार होतं. मोजपट्टीनं साहेबांना पडद्यावर ती जुनी ओळ दाखवली. साहेबांनी ‘vadh’ ही इंग्रजी अक्षरं जुळवून वाचली आणि ते मागे सरकले. “हे काय? वध?”

“वाढ,” दोघंही एकदम म्हणाले.

साहेबांनी फार खोलात जायचं टाळलं. त्यांनी एवढंच बजावलं, की खुलासा एका परिच्छेदात असावा आणि त्यात यंत्राबिंत्राचा एकही शब्द नको, कारण मोठे साहेब विक्री विभागातून वर गेलेले आहेत. मोजपट्टीनं दीड पान लिहिलं. साहेबांनी लाल पेन घेतलं. ‘फंक्शन’ दिसलं की काट, ‘लायब्ररी’ दिसली की काट, ‘थ्रेड’ काट, ‘नावाचे’ कशाला, काट. मग वाक्यं लंगडायला लागली म्हणून ‘माझे’चं ‘माझी’ केलं. उरलं ते टंकून, तिची सही घेऊन ते पाच वाजता घेऊनही गेले. ती इतकी थकली होती, की तिनं आयुष्यात पहिल्यांदा एका कागदावर न वाचता सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या साहेबांचं उत्तर आलं. तिनं ते उभ्यानंच उघडलं आणि मोठ्यानं वाचलं.

“‘आपला खुलासा वाचला. वाढ दोन ठिकाणी होती, एक आपली व एक आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांची, आणि या दोन्हींमुळे कामगारांच्या जेवणाचे हाल झाले, हे आपण प्रांजळपणे मान्य केलेत. आपली वाढ आपण स्वतःहून काढून टाकलीत आणि सहकाऱ्यांची तशीच ठेवावी असे सुचवलेत, याची आम्ही आदरपूर्वक नोंद घेतली आहे. त्याप्रमाणे करण्यात येत आहे. अशा वृत्तीचा विभाग बंद करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मजकूर मान्य असल्यास खाली सही करावी.’”

ती खुर्चीत बसली. विभाग राहिला होता. खिडकी राहिली होती. ती म्हणाली, की विक्रीतल्या माणसाला हे इतकं नेमकं कळेल असं तिला वाटलं नव्हतं. आपण उगाच लोकांना कमी लेखतो.

अर्धविरामांनी पत्र हातात घेतलं, दोनदा वाचलं, आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. सहीच्या जागेखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ‘प्रत: वेतन विभाग.’

मोजपट्टी त्या ओळीकडे बघत राहिली. मग उठली आणि दाराकडे निघाली.

“काय सांगणार आहेस?” अर्धविरामांनी विचारलं.

“वाढ म्हणजे पगारवाढ नव्हे, म्हणून.”

“मग ते विचारतील, वाढ म्हणजे काय.”

“सांगेन की.”

“म्हणजे आठशे माणसं एका शब्दासाठी ताटकळली. आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो, म्हणून. हेही सांगशील?”

ती दाराशी थांबली. तिनं हातानंच विचारलं, मग काय करू. ते म्हणाले, की त्यांच्या वाढीतली अर्धी तिनं घ्यावी. तिनं सांगितलं, की तुमची तशीच ठेवायची असं मी लेखी दिलंय. त्यावर ते खिडकीबाहेर बघू लागले; उत्तर बहुधा चहानंतर येणार होतं.

मोजपट्टी परत जागेवर आली. पत्र टेबलाच्या कडेला समांतर ठेवलं आणि एकेक वाक्य पेन्सिलीनं तपासायला घेतलं. वाढ दोन ठिकाणी होती? होती. त्यांच्यामुळे जेवणाचे हाल झाले? झाले. आपली तिनं स्वतःहून काढून टाकली? टाकली. सहकाऱ्यांची तशीच ठेवली? ठेवली. प्रत्येक वाक्यापुढे तिनं बरोबरची खूण केली. शेवटापर्यंत पोचल्यावर पुन्हा पहिल्यापासून बघितलं. पत्रात एकही चूक सापडत नव्हती.

तिनं सही केली.